संध्याकाळी पाय सुजतात, रक्त पातळ करायची गोळी द्यावी का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात काट्यावर असतात, वय ५८, दिवसभर उभं काम. घरी येऊन मोजे काढले की घोट्यावर खोल वळ आणि पोटरीवर निळ्या शिरा टरारलेल्या. सकाळी सूज नसते. शेजारचे काका रक्त पातळ करायची गोळी घेतात, ती सुरू करू का?

उत्तर : ताई, शेजाऱ्यांची गोळी अजिबात देऊ नका, तिच्यानं रक्तस्राव होऊ शकतो आणि अण्णांची अडचण बहुतेक वेगळीच आहे. हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, पण पायातलं रक्त परत वर चढवायला पोटरीची मदत लागते. चालताना पोटरी आवळते, आतली शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. एका जागी उभं राहिलं की हे सगळं थांबतं, रक्त साचतं, त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं, तीच सूज. झडपा ढिल्या पडल्या की शिरा अशा फुगतात, व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्याला.

झडप खरंच असते का ते स्वतःच्या हातावर बघा. हात खाली सोडा, फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे रक्त सारत न्या. मधली शीर रिकामीच राहते, वरून भरत नाही, पहिलं बोट उचललं की खालून लगेच भरते. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरानं १६२८ साली असंच दाखवून दिलं होतं, मला अजूनही हे बघताना भारी वाटतं.

अण्णांना सांगा, काट्यावर उभं असतानाच तासातासाला टाचा वीस-पंचवीस वेळा वर-खाली करायच्या, मधे यार्डात एक चक्कर, घरी आल्यावर पाय उशीवर. लोणचं-पापड कमी. स्टॉकिंग्ज (पाय आवळून धरणारे लांब घट्ट मोजे) डॉक्टरांकडून पाय तपासून घेतल्याशिवाय घालू नका. आणि एकदा बीपी, लघवी, हृदय तपासून घ्याच, कारण दोन्ही पायांची सूज हृदय किंवा किडनीमुळंही येते, बीपीच्या काही गोळ्यांनीपण येते (म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही हं).

एकच पाय अचानक सुजला, दुखतोय, गरम लागतोय, तर तेल लावून चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी थांबू नका, १०८ ला फोन करा.