बदली झाली, पॅरिशचं काय?

प्रश्न : रेल्वेतल्या बदलीमुळे भुसावळहून नागपूरला येऊन चार महिने झाले. दर रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जातो, पण चर्चचा फॉर्म अजून भरलेला नाही. आम्ही या पॅरिशचे (या चर्चच्या हद्दीतल्या धर्मग्रामाचे) झालो का? मुलीचं पहिलं कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी) यंदा आहे. (एक वाचक, अजनी)

उत्तर : झालात. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार पॅरिश ठरते ती राहत्या घरावरून, फॉर्मवरून नाही. कायमचं राहायला आलेल्याला पहिल्या दिवसापासून, आणि निदान तीन महिने राहायच्या बेताने आलेल्यालाही, तिथले फादर तेच आपले फादर. फॉर्म लागतो तो तुमचा पत्ता त्यांना कळावा म्हणून. घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, तिला घरी कम्युनियन हवं आहे, हे फॉर्मवर लिहिल्याशिवाय कुणाला कळणार?

एक मात्र तपासा. मिस्सेची भाषा किंवा वेळ सोयीची म्हणून घराजवळचं चर्च सोडून सदरच्या कॅथेड्रलला जाणारे असतात. जायला हरकत नाही, पण आपला पत्ता कोणत्या पॅरिशच्या हद्दीत येतो ते ऑफिसात विचारून ठेवा. पुढे लग्नाचे कागद साधारणपणे तिथूनच सुरू होतात. सिरो-मलबार (केरळमधल्या पूर्वेकडच्या परंपरेचे कॅथलिक) असाल तर तसं आधीच सांगा. लॅटिन (रोमन) परंपरेच्या मिस्सेला कितीही वर्षं गेलात तरी तेवढ्याने तुमची विधी-परंपरा बदलत नाही.

मुलीसाठी बाप्तिस्म्याचा दाखला द्या आणि भुसावळच्या धर्मशिक्षण वर्गात कुठवर शिकवून झालं, याचं तिथल्या फादरांच्या सहीचं पत्र मागवा. पत्र नसलं तर वर्ग पहिल्यापासून करायची वेळ येऊ शकते.

प्रश्न : आमची बदली पुण्याला झाली आहे. चर्चमधलं नाव ‘ट्रान्स्फर’ करून घ्यावं लागतं का? कुठले कागद न्यावेत? (एक वाचक, वायुसेनानगर)

उत्तर : बाप्तिस्म्याची नोंद कधीच हलत नाही. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला त्याच चर्चच्या वहीत ती जन्मभर राहते; पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि लग्न झालं की तेही त्याच नोंदीत चढवायचं असतं. म्हणून लग्नाच्या वेळी लहानपणचा लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही. साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात, कारण या माणसाचं आधी लग्न झालं आहे का, हे त्या नोंदीवरून कळतं.

साखळी तुटते ती इथे. बाप्तिस्मा एका गावी, दृढीकरण नागपुरात, आणि नागपूरहून कळवायचं राहून गेलं. निघण्यापूर्वी ऑफिसात सरळ विचारा : कळवलंत का, कधी? पहिल्या कम्युनियनची गोष्ट वेगळी. ते बाप्तिस्म्याच्या वहीत चढवण्याचा सर्वसाधारण नियम नाही, तेव्हा ते प्रमाणपत्र हातात घेऊनच निघा.

दुसरा घोळ नावांचा. वहीत ‘मेरी’, आधारवर ‘मारिया’; वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. ऑफिसातल्या माणसाने दाखल्यावर परस्पर आधारचं नाव लिहून देणं बरोबर नाही. दुरुस्ती मूळ वहीत, पुरावे बघून व्हायला हवी. त्याला वेळ लागतो, म्हणून सामान बांधायच्या महिनाभर आधी सुरुवात करा.

प्रश्न : येणाऱ्यांचं स्वागत आणि जाणाऱ्यांचा निरोप मिस्सेत नेमका कधी करावा? भाषणं फार लांबतात. (पॅरिश कौन्सिलचे एक सदस्य, नागपूर)

उत्तर : कम्युनियननंतरची प्रार्थना झाली की शेवटच्या आशीर्वादाआधी थोडक्या सूचनांना मिस्सेच्या नियमांतच जागा दिलेली आहे. तिथेच करा. अर्पणाच्या मिरवणुकीत (भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेताना) शाल-श्रीफळ घुसवू नका. एकानेच बोलावं, दोन मिनिटं. फादरांनी आशीर्वाद द्यावा आणि समारोपाचं गीत सुरू व्हावं. बाकीची भाषणं बाहेर. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात कोण थांबणार, म्हणून सावली आणि पन्ह्याची सोय आधी बघा.

नव्या कुटुंबाला उभं करण्याआधी त्यांना विचारा; कुणी दोन दिवसांचा पाहुणा असतो, कुणाला नुसतं संकोचायला होतं. नावाचा उच्चार त्यांच्याच तोंडून ऐकून देवनागरीत लिहून घ्या. खरं स्वागत पुढच्या आठवड्यात होतं : त्यांच्याच गल्लीतल्या एका घराने फोन करून प्रार्थनासभेला न्यायचं. फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला की टाळ्या फुकट. आणि ‘ही आमची जागा’ म्हणणाऱ्या जुन्या घरांना कुणीतरी गोड शब्दांत समजवा.

जाणारा माणूस एखाद्या मंडळाचा खजिनदार असेल तर हारापेक्षा बँकेतली सही महत्त्वाची. सही बदलायला ठराव आणि कागदपत्रं लागतात. तो गेल्यावर धावपळ केली तर चेक अडकतात. पावतीपुस्तकं आणि सॅक्रिस्टीच्या (उपासनेचं सामान ठेवायच्या खोलीच्या) किल्ल्या यादी करून, दोघांच्या सह्यांनिशी घ्या.

प्रश्न : अंत्यविधीत घरच्यांनी दोन शब्द बोलावेत का? (एक वाचक, जरीपटका)

उत्तर : प्रवचन म्हणजे मृताची स्तुती नव्हे, असा मिस्सेचा नियम आहे. घरच्यांपैकी एकाला कम्युनियननंतरच्या प्रार्थनेपाठोपाठ, अंतिम निरोपाच्या विधीआधी बोलता येतं. एक पान लिहून फादरांना आधी दाखवा. पवित्र गुरुवार ते ईस्टर, तसंच आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे), उपवासकाळ (ईस्टरआधीचे आठवडे) आणि ईस्टरकाळ या तिन्ही काळांतल्या रविवारी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. त्या दिवशी वचन-विधी (बायबल-वाचन आणि प्रार्थना) करून दफन करावं आणि मिस्सा नंतर ठेवावी.