अर्धवट राहिलेली गोधडी

प्रश्न : गोधडीसाठी तुकडे मी उत्साहाने कापते, जोडतेही, पुढे मात्र काम महिनोन्‌महिने पडून राहते. काय करावे?

उत्तर : काम बहुधा अस्तर, मधला थर आणि वरचा जोडलेला भाग एकत्र टाचण्यापाशीच अडते, कारण त्यासाठी मोकळी जागा आणि सलग वेळ लागतो, म्हणून तेवढा टप्पा कोणाला तरी मदतीला घेऊन एका बैठकीत उरकावा. नंतर धावदोरा मध्यापासून कडांकडे घालत न्यावा, म्हणजे चुण्या पडत नाहीत आणि उसवण्याची वेळ, जिच्यामुळे उमेद सर्वाधिक खचते, सहसा येत नाही. उठताना सुईत पुढचा दोरा ओवून ठेवावा. जी गोधडी मनातूनच उतरली असेल, तिचे तुकडे निःसंकोच दुसरीकडे वापरावेत.