मेरीचा चेहरा हिरवट का दिसतो?

प्रश्न : मेरी आणि बाळ येशूच्या जुन्या इटालियन चित्रांत दोघांचे चेहरे हिरवट का दिसतात? तसं चित्र काढताना आपणही हिरवा रंग द्यावा का?

उत्तर : दिसतो तो अस्तराचा रंग. इटलीतल्या सिएना शहराच्या दुच्चोसारखे (त्याचं मेरी आणि बाळ येशूचं ‘माएस्ता’ हे चित्र १३०८ ते १३११ मधलं) चित्रकार त्वचेखाली हिरव्या मातीचा थर देत. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने आपल्या चित्रकलेवरच्या पुस्तकात त्यात थोडा पांढरा रंग मिसळून दोन हात द्यायला सांगितलं आहे. वरच्या गुलाबी रेघांमधून तो हिरवा सावलीसारखा डोकावतो आणि गाल जिवंत वाटतो. पुढे चुकीच्या साफसफाईत गुलाबी घासला गेला, की हिरवाच उरतो.

तुम्हीही जरूर द्या. हे चित्रकार रंग अंड्याच्या बलकात कालवत, तसंच करा. अंड्याचा बलक कोरड्या तळहातावर फिरवत त्याला लागलेला पांढरा भाग पुसा, पापुद्रा चिमटीत धरून टोचा आणि बलक वाटीत गाळा. पाण्यात घोटलेल्या रंगात साधारण तेवढाच बलक घाला. जास्त झाला तर थर चिकट होतो, कमी पडला तर बोटाला भुकटी लागते. गुलाबी रंग बारीक, समांतर रेघांनीच चढवा. ओल्यावर ब्रश फिरवलात तर खालचा थर उचलून येईल. शिसं असलेला पांढरा रंग विषारी, म्हणून टायटॅनियमचा घ्या. तो खालचा रंग फार झाकतो, तेव्हा अगदी थोडाच.

आणि एक सुंदर बारकावा : तरुण चेहऱ्यांसाठी चेन्निनी शहरी कोंबडीचं अंडं सुचवतो, कारण त्याचा बलक फिकट!