सात तारखेचा पगार आणि चुकाऱ्याची सवय

आर्वी तालुक्यातल्या एका पोराचं पत्र आलंय. वय 22, आयटीआय इलेक्ट्रिशियन, दीड वर्षापासून बुटीबोरी एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर. हातात 15,500 येतात, त्यातून रूम आणि मेसचे 4,800, गाडीचा हप्ता 3,400, मोबाईलचा हप्ता 1,600, पेट्रोल 1,500 आणि घरी 3,000. बाबांचं चार एकर वावर, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर, लहान बहीण बारावीत. तो लिहितो, "सर, 7 तारखेला पगार झाला की चार-पाच दिवस मस्त जातात, 20 नंतर खिशात काहीच राहत नाही, दोनदा ॲपवरून लोन घेतलं. पोट्टे चिखलदऱ्याला चालले, नाही म्हटलं तर जीव जळते आणि गेलो तर बाबाचा चेहरा डोळ्यासमोर येते. रूमवरचा एक जण ऑप्शन ट्रेडिंग करून राहिला, मलाही लाव म्हणते. वरचे पैसे कसे कमवायचे ते सांगा, पण पैसे वाचवाचे म्हणजे जगणंच सोडून द्यायचं का तेही सांगा."

बेटा, तुझा हिशोब मी वहीत मांडून पाहिला. ठरलेल्या खर्चातच 14,300 जातात, उरतात 1,200. त्यात रिचार्ज, चहा, साबण, गावाला यायचं तिकीट, कटिंग, सगळं बसवायचं, म्हणजे 20 तारखेला खिसा रिकामा होणारच, त्यात तू उधळ्या आहेस असं मला तरी दिसत नाही, ते आधी डोक्यातून काढून टाक.

पण तू एक वाक्य सहज लिहून गेलास, की पगार झाल्यावर चार-पाच दिवस मस्त जातात, आणि मला वाटते सगळी गोम तिथंच आहे. तू कास्तकाराच्या घरचा आहेस. आपल्या घरी पैसा कसा येतो ते तू लहानपणापासून पाहिलं, जूनमध्ये बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर, मग दिवाळीच्या आगेमागे पहिला कापूस विकला की हाती चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, त्यातून आधी उधारी फेडायची, मग वर्षभर अडून राहिलेलं सगळं एकदम करायचं, पोरीचे कपडे, घराचा पत्रा, आईची चप्पल, आणि उलंगवाडी होता होता, म्हणजे कापूस वेचून संपता संपता, पुन्हा हात रिकामा. बाबा असं करतात त्यात त्यांची काही चूक नाही, पैसा वर्षातून दोन-तीनदाच येत असेल तर माणूस दुसरं काय करणार. पण तीच चाल तुझ्या अंगात आली आहे. तू 7 तारखेच्या पगाराला चुकारा समजून राहिला. पैसा आला की आधी उधारी दे, मग अडलेलं सगळं घे, मग पुढच्या चुकाऱ्यापर्यंत उसने. बाबांचा चुकारा वर्षाचा, तुझा महिन्याचा, एवढाच फरक. मी 24 वर्षं आयटीआयमध्ये शिकवलं, गावातून आलेल्या कितीतरी पोरांचं पहिल्या दोन वर्षांत हेच होताना पाहिलं, आणि त्यातली बरीचशी हुशार आणि निर्व्यसनी होती.

म्हणून पहिलं काम, पगार एकदम हातात ठेवूच नको. 7 तारखेला घरचे 3,000, रूम-मेस आणि दोन्ही हप्ते द्यायचे, आणि राहिलेल्या 2,700 चे चार भाग करायचे, दर सोमवारी एकच भाग फोनपेच्या खात्यात टाकायचा, बाकीचे दुसऱ्या खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड गावी आईजवळ. आठवड्याला 675 रुपये होतात, पेट्रोल धरून. कमी आहेत, मला माहीत आहे. पण तिसऱ्या सोमवारीही 675 येतात, हे तू कधी अनुभवलंच नाहीस.

आता ॲपचं कर्ज. ते आधी संपव, बाकी सगळं नंतर. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच नियम केला आहे की कर्ज देणाऱ्या ॲपने तुझ्या फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉलची यादी पाहायची नाही, आणि पैसे थेट बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडूनच तुझ्या खात्यात आले पाहिजेत. जे ॲप कॉन्टॅक्टची परवानगी मागते ते नियम मोडूनच राहिलं, ते काढून टाक, आणि वसुलीवाल्यांनी धमकावलं किंवा नातेवाइकांना फोन केले तर गप्प बसू नको, 1930 वर फोन कर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे. लाजेपायी पोरं सांगत नाहीत आणि मग भलतंच होते. तुझी थकबाकी नेमकी किती ते तू पत्रात लिहिलं नाहीस. मला नाही सांगितलं तरी चालेल, बाबांना सांग. ते रागावतील, पण सावकारी काय असते ते त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळते.

ऑप्शन ट्रेडिंग म्हणजे शेअरचा भाव पुढं वर जाईल की खाली यावर पैसे लावणं, त्याबद्दल मी अडखळत बोलणार नाही, करू नको. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे काढले, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या 1 कोटीच्या वर साध्या लोकांपैकी 93 टक्के तोट्यात, आणि माणशी सरासरी तोटा 2 लाखांच्या आसपास. तुझा वर्षाचा पगार हाती येतो 1,86,000. तुझा रूममेट तुला नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवते, त्याला म्हण वर्षाचं पूर्ण स्टेटमेंट दाखव. तो वाईट आहे असं नाही, त्यालाही कोणीतरी असाच स्क्रीनशॉट दाखवला असेल.

वरच्या पैशाचं आता नीट सांगतो, कारण तुझ्या हातात जे आहे ते तुला दिसून नाही राहिलं. तुझ्या गावात आणि आजूबाजूला रब्बीत हरभरा, गहू ओलतात, म्हणजे पाणी देतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. विहिरीवर थ्री फेज मोटर, लाईन येते अवेळी, व्होल्टेज कमी, मध्येच एक फेज जातो. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येतो, करंट वाढते, वाइंडिंग तापते आणि जळते. हे तू आयटीआयमध्ये शिकलास, पेपरात लिहिलंही असशील. पण कास्तकार काय करते, मोटर विहिरीतून काढते, गाडीवर टाकते, आर्वीला नेते, तिथं चार दिवस नंबर लागत नाही आणि तेवढ्यात हरभरा फुलावर आलेला असते. त्या चार दिवसांची किंमत त्या माणसाला विचार. तू दर दुसऱ्या शनिवारी गावी जातोसच. यंदा पावसाळ्यातले रविवार आर्वीच्या एखाद्या वाइंडिंगवाल्याकडे फुकटात बस, कॉइल भरायला शीक, तांब्याची तार किती लागते, वार्निश, बेअरिंग, कशाचे किती पडतात, वही कर. दसऱ्यापर्यंत हात बसेल. सुरुवातीला पूर्ण वाइंडिंग घेऊच नको, स्टार्टर दुरुस्ती, एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवणं, कॅपॅसिटर बदलणं, एवढंच कर. प्रिव्हेंटर बसवून दिला तर मोटर जळणंच टळते आणि लोक तुझं नाव घेतात, ज्याची मोटर वाचली तो चार जणांना सांगते. पैसे मात्र उधारीत ठेवू नको, गावात हे सर्वांत अवघड आहे, काका-मामा सगळे ओळखीचे, तरी सामानाचे पैसे आधी आणि मजुरी काम झाल्यावर, हे पहिल्याच गिऱ्हाइकापासून सांग. मजुरीसाठी कोणी चुकाऱ्यापर्यंत थांब म्हटलं तर थांब, पण वहीत तारीख टाकून.

दुसरं काम सौरचं. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत कास्तकाराला 10 टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के, त्यामुळे वावरावावरात पॅनल दिसू लागले. घरांच्या छतासाठी फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजना आहे, 3 किलोवॉटला 78,000 पर्यंत सबसिडी. हे बसवायचं काम नोंदणी केलेल्या कंपन्यांनाच मिळते, तुला परस्पर नाही, पण त्यांना फिटर लागतात, आणि सूर्यमित्र नावाचं 600 तासांचं प्रशिक्षण आहे त्यात आयटीआय इलेक्ट्रिशियनला घेतात. नोकरी चालू असताना ते जमेलच असं नाही, तेव्हा आत्ता फक्त चौकशी करून ठेव. वायरमनचं परमिट मात्र काढ, त्याशिवाय घराच्या वायरिंगची कामं घेऊ नको. आणि हो, महावितरणच्या विद्युत सहायकाची जाहिरात आली की फॉर्म भर, तिथं पहिली तीन वर्षं मानधनच असते पण तुझा ट्रेड तोच आहे.

एक गोष्ट मी तुला हात जोडून सांगतो. गावात वायरमन वेळेवर येत नाही, मग लोक म्हणतात अरे तू तर इलेक्ट्रिशियन, जरा डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज टाकून दे. जाऊ नको. कोणीही म्हणू दे, सरपंच म्हणू दे, बाबा म्हणू दे. माझा एक विद्यार्थी असाच गेला होता, 23 वर्षांचा, लाईन बंद आहे असं दुसऱ्याने सांगितलं म्हणून. त्याच्या आईला मी आजही तोंड दाखवू शकत नाही, मी त्याला सगळं शिकवलं आणि हे ठासून सांगायचं राहिलं. नाईट शिफ्ट करून आल्यावर झोप झाल्याशिवायही कोणत्याच कामाला हात लावू नको.

तुझ्या पगारातून पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जाते का ते स्लिपवर पाह्य. 21,000 पर्यंत पगार असेल आणि तुझा कारखाना ईएसआयच्या कायद्यात बसत असेल तर ईएसआय लागू असते, तुझे 0.75 टक्के कापतात आणि मालक 3.25 टक्के भरते, आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-बाबांनाही त्यात उपचार मिळतात. ई-पहचान कार्डात त्यांची नावं टाकली नसतील तर या महिन्यात टाक, बरीच पोरं दोन-दोन वर्षं पैसे कापून घेतात आणि आईला मात्र खासगीत नेऊन कर्ज करतात. पीएफचं व्याज 2024-25 ला 8.25 टक्के मिळालं, तुला एवढं सुरक्षित व्याज बाहेर कुठं मिळणार नाही, म्हणून कंत्राटदार बदलला की पैसे काढून मोकळं होऊ नको, पीएफचा नंबर (यूएएन) तोच ठेवून खातं पुढं न्यायचं. बँकेत जाऊन 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा दोन्ही चालू कर, वर्षाचा हप्ता आहे तो, आणि प्रत्येकी 2 लाखांचं संरक्षण.

मोबाईलचा हप्ता संपला की ते 1,600 मोकळे होतील, तो दिवस मला फार महत्त्वाचा वाटते, कारण त्याच आठवड्यात नवा मोबाईल दिसेल. त्यातले 1,000 दर महिन्याला पोस्टात आरडीला लाव. 6.7 टक्क्यांनी पाच वर्षांत 60,000 चे 71,000 च्या वर होतात, तेवढ्यात बहिणीचं शिक्षणही मार्गी लागलेलं असेल. गाडी विकू नको, हप्ता जड आहे पण वरच्या कामाला गाडी लागेलच.

उरलेले 600 मौजेचे. हे मी मन राखायला नाही म्हणत. तुझ्या बाबांकडेच पाह्य, नापिकी असो की काही असो, पोळ्याला बैलाला घुंगरू, झूल, बाशिंग आणतातच, शिंगं रंगवतातच, आणि त्यासाठी चार पैसे आधीपासून बाजूला असतात. कोणत्याच कास्तकाराला बैल सजवताना अपराधी वाटत नाही. मग तुलाच काहून वाटावं? तुला वाईट वाटून राहिलं ते मजा करण्याचं नाही, उसन्या पैशाच्या मजेचं. 600 प्रमाणे तीन-चार महिन्यांत चिखलदऱ्याची सोय होते, परतवाड्याहून एसटी घाट चढते, पावसाळ्यात ढगात शिरल्यासारखं वाटते, गाविलगड पाह्य, तिथली कॉफी पी. यंदा पोट्ट्यांना सांग की मी पुढच्या खेपेला येतो, खरं कारण सांगितलं तरी चालते, त्यातल्या दोघा-तिघांची अवस्था तुझ्यासारखीच असेल. तोपर्यंत बोर धरण आहे, कोजागिरी आहे, गावातला हुरडा आहे, आणि शेकोटीपाशी बसायला कोणी हप्ता मागत नाही.

घरी 3,000 देतोस ते कमी करू नको. फक्त आईच्या हातात दे, आणि त्यातले कशाला किती लागतात हे एकदा तिच्याजवळ बसून विचार, तिच्या डब्याडब्यातल्या हिशोबापुढं माझी वही काहीच नाही.

पुढच्या पत्रात पगाराच्या स्लिपवरचे कपातीचे आकडे लिहून पाठव, आणि तुमच्या गावात थ्री फेज मोटरी किती, त्यातल्या किती गेल्या रब्बीत जळल्या, ते चार कास्तकारांना विचारून लिही. मग मजुरी किती घ्यायची ते दोघं बसून ठरवू.