मी झोपले आणि तेवढ्यात काही झालं तर?

आजारी मुलांच्या आया माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. मागे एक ताई आल्या होत्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय), मुलगा 9 वर्षांचा, टाइप 1 डायबेटिस, दंडावर सेन्सर, साखर 70 च्या खाली गेली की मोबाइल वाजतो. तो मोबाइल यांच्या उशीखाली, वर 12, 2 आणि 4 चा गजर, आणि गजर व्हायच्या आधीच यांना जाग यायची, मग अंधारात मुलाच्या मानेला हात लावून बघायचं घाम आलाय का (साखर उतरली की घाम येतो). दोन वर्षं रोज हेच.

"सगळे म्हणतात झोपत जा, पण कशी झोपू?"

बरोबरच आहे त्यांचं. ज्याच्यावर पहाऱ्याची जबाबदारी आहे त्याला झोप लागली तरी ती सावधच असते, मोबाइल वाजो न वाजो, म्हणून सात तास आडवं पडूनही सकाळी अंग जड आणि बारीकसारीक गोष्टीवरून मुलावर ओरडणं, मग त्याचं वाईट वाटून रडणं. यात मन कमकुवत वगैरे काही नाही हो.

त्यामुळे टेन्शन घेऊ नका असं मी म्हटलंच नाही, म्हटलं पहारा बदलू. तर म्हणे "यांना जागच येत नाही." पुढच्या वेळी मिस्टरांना बोलावलं, ते हळूच म्हणाले, "वाजायच्या आत ही उठलेली असते, मला जाग येणार कधी?"

मग ठरलं, 11 ते 4 मोबाइल त्यांच्याकडे आणि ताई दुसऱ्या खोलीत, दार लावून. गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या भागात लागते, म्हणून हे तास सलग हवेत. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं ग्लुकोज किती, 15 मिनिटांनी परत चेक, फोन कधी करायचा, हे सगळं कागदावर लिहून भिंतीला लावलं. घरात दुसरं कोणी नसेल तर आठवड्यातून एक रात्र तरी विश्वासाचं माणूस शिकवून तयार करा, आणि रात्रीचं कुठलं चेकिंग खरंच लागतं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, बऱ्याच आया भीतीपोटी जास्तीचे गजर लावतात. झोपायला मिळूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल तर निद्रानाशासाठी वेगळी थेरपी असते, सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी, गोळ्या मनाने घेऊ नका. आणि जगणं नको वाटायला लागलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, अजिबात थांबू नका.

पहिल्या दोन रात्री ताई दाराला कान लावून जाग्याच होत्या. तिसऱ्या रात्रीनंतर आल्या तेव्हा पर्समधून एक चिठ्ठी काढली, मिस्टरांच्या अक्षरात: 2:40 ला 64, ग्लुकोज दिलं. 2:55 ला 88. झोपला.

"मला आवाजच आला नाही," म्हणाल्या, आणि चिठ्ठी नीट घडी करून परत आत ठेवली.