नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक वाचनालयात काय चालू असतं?

मुख्य आकर्षण दिवाळी अंकांचं. नेहमीच्या वर्गणीत ते बहुधा मिळत नाहीत. वेगळं शुल्क भरून योजनेत नाव नोंदवावं लागतं. गाजलेले अंक पहिले काही आठवडे कपाटात दिसतच नाहीत, कारण प्रती एक-दोन आणि मागणारे डझनभर. काउंटरवर नंबर लावून ठेवा. तोवर एकाच विषयाला वाहिलेले अंक न्या. ते पडून असतात आणि खरं तर तेच जास्त वाचनीय निघतात. अंक नेताना पानं फाटलेली असतील तर तिथंच दाखवा, नाहीतर भरपाई तुमच्या माथी.

१४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. ग्रंथप्रदर्शन, व्याख्यान वगैरे. वेळा सूचना फलकावर लागतात. प्रदर्शनातली पुस्तकं सहसा त्या आठवड्यात घरी देत नाहीत.