सायलेन्सरवरचा पत्रा काढून खाली लोखंडी प्लेट बसवावी का?

आपल्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरवरचा पातळ पत्रा खडखडतो, मिस्त्री तो काढायला सांगतात आणि त्याऐवजी खालून जाड प्लेट व काळे कोटिंग करून देतो म्हणतात, असे आपण विचारले आहे. आपण खानापूरकडे उसाच्या शेतात गाडी नेता, म्हणून आग्रहाने सांगतो, तो पत्रा काढू नका.

बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे निकष) डिझेल गाडीचा धूर गाळणारा फिल्टर साचलेली काजळी जाळतो, तेव्हा त्याचे तापमान 600 अंश सेल्सिअसच्या घरात जाते. ही धग वरच्या फरशीपर्यंत आणि जवळच्या ब्रेक व डिझेलच्या नळ्यांपर्यंत पोहोचू नये, हेच त्या पत्र्याचे काम. पत्रा व सायलेन्सर यांच्यामधली हवेची पोकळी त्यात निम्मे काम करते, म्हणून ठोकून पत्रा नळीला चिकटवणे हा उपाय नव्हे. खडखडण्याचे कारण बहुधा बोल्टाजवळ सापडते: ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी बोल्ट यांच्यात पावसाचे पाणी राहिले की पत्रा झिजतो व त्याचे भोक मोठे होते. मोठ्या व्यासाचे स्टेनलेस वॉशर घालून तो पुन्हा आवळता येतो. पत्रा पार फाटला असेल तर कंपनीचाच घ्यावा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कोणी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापून देऊ म्हणाले तर नको म्हणा, कारण जस्त 419 अंशांनाच वितळते.

प्लेटला माझा विरोध नाही. जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर पावसाळ्यात दगड उडतात, तेव्हा इंजिनच्या ऑइल चेंबरला आधार हवाच. मात्र 3 मिलिमीटर जाडीच्या लोखंडाचे वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास भरते, त्यामुळे प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सपुरतीच ठेवा, ती चासीच्या मूळ भोकांत बसवा, ऑइल काढायची जागा व हवेच्या खाचा मोकळ्या राहू द्या. फिल्टर आणि सायलेन्सरच्या खाली प्लेट मुळीच आणू नका. उसाचे पाचट तिच्यावर जाऊन बसते, वाळते आणि धगधगत्या नळीला टेकते. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. शेतातून आल्यावर गाडी थंड झाली की खाली वाकून पाचट काढावे, आणि पाचटाच्या थरावर गाडी उभी करू नये.

गंज रोखणारे काळे कोटिंग गाडीच्या फरशीला खालून आणि चाकांच्या आतल्या बाजूलाच द्यावे. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये काहीच न झाकता फवारले, आणि चोर्ला घाट चढताना सायलेन्सरवरचे कोटिंग जळून गाडीखालून धूर निघाला. मुले मागे बसली होती, त्यांना रस्त्याकडेला उतरवावे लागले. म्हणून सायलेन्सर, ब्रेकचे होज, सेन्सरच्या वायरी आणि पाणी निघण्याची भोके कागद व टेपने झाकल्याशिवाय फवारणीचे पिस्तूल चालू करू देऊ नका, आणि हे झाकणे स्वतः उभे राहून पाहा.